फिटिंग फुकट, फाटका बेस विकत

संध्याकाळी पुण्या-नाशकातल्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. काचा चढवलेली एक गाडी शेजारी येऊन थांबते आणि तिच्यातून जे बाहेर पडतं त्याला तिचा मालक ‘बेस’ म्हणतो. ढोलाचा ठोका पडायचा तिथे ‘भर्रर्र’ होतं, दाराचं प्लास्टिक थरथरतं, मागची नंबरप्लेट खडखडते आणि गाणाऱ्याचे शब्द त्या गोंधळात बुडतात. मालक मात्र कृतार्थ चेहऱ्याने स्टिअरिंगवर बोटं आपटत असतो. पंचवीस-तीस हजार घातलेत, आवाज चौकाच्या पलीकडे जातोय, आणखी काय पाहिजे?

गाणं कुठलं लावायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आवाज मोठा असतो ही तक्रारही मी करत बसत नाही. त्यासाठी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत आणि ते कोण किती पाळतं हे आपण दर गणपतीत पाहतो. माझी तक्रार निराळी आहे. हा आवाज फाटलेला आहे, तो का फाटतो हे अर्ध्या तासात कळण्यासारखं आहे आणि ते कळून घेण्यात या धंद्यातल्या कुणालाही रस नाही. दुकानदाराला नाही, कारण दुखणं सापडलं तर माल खपत नाही. गिऱ्हाइकाला नाही, कारण तपासणीचे पैसे म्हटले की त्याच्या पोटात गोळा येतो. या दोघांच्या संगनमताला बाजारात ‘फिटिंग फ्री’ म्हणतात आणि ते दोन शब्द दुकानाच्या काचेवर मोठ्या अभिमानाने रंगवलेले असतात.

आधी खोक्यावरचा आकडा घेऊ, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. बाजारातल्या बहुतेक डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डात बसणाऱ्या म्युझिक सिस्टीमच्या, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकच्या पोटातल्या इवल्याशा अँपकडे ते वाढवायची सोय नसते. आहे त्यात भागवायचं. स्पीकर ४ ओहमचा. आता शाळेत शिकलेलं सूत्र लावा. स्वच्छ, गोलाईदार तरंग त्या स्पीकरमध्ये पाठवला तर हिशेबाने जास्तीत जास्त २६ वॅट निघतात, तेही आत काहीच वाया गेलं नाही असं धरून. मग ५० आले कुठून? त्याच तरंगाचे माथे छाटून तो पुरता चौकोनी केला की उत्तर येतं ५२. या माथे छाटण्यालाच क्लिपिंग म्हणतात आणि आपण ज्याला ‘आवाज फाटला’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असतं. म्हणजे खोक्यावरचा ५० हा आकडा आवाज पार फाटल्यानंतरचा आहे. कंपनी तुम्हाला फाटका आवाज विकते आणि वर तसं छापूनही देते!

खरा आकडा कंपनीला ठाऊक असतो. नामांकित कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर मुंगीच्या टायपात तो सापडतो: २० किंवा २२ वॅट. मॅन्युअल वाचायचा कंटाळा असेल तर डेक उलटा करून मागचा फ्यूज बघा. सहसा १० अँपिअरचा असतो. १४.४ व्होल्टला १० अँपिअर, म्हणजे आत जाणार १४४ वॅट. बाहेर सांगतात पन्नास चोक दोनशे. उरलेले छप्पन वॅट बहुधा दुकानदाराच्या आशीर्वादाने येत असावेत. अमेरिकेत या धंद्याच्या संघटनेनेच वैतागून सीईए-२००६ हे मोजमापाचं मानक केलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्यापर्यंतच आणि मग बोला किती वॅट. आपल्याकडे ते विचारणारं गिऱ्हाईक मला भेटायचं आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि वाळ्याची किंमत मात्र सोन्याच्या भावाने.

आता या वीस वॅटांच्या जिवावर मालक काय काय करतो ते पाहा. डेकवर बेस शेवटपर्यंत चढवलेला. फोनच्या इक्वलायझरमध्ये ‘बेस बूस्टर’ निवडलेला. गाणं कुणा डीजेने आधीच माथे छाटून ठेवलेलं. आवाज ३ डेसिबलने चढवायचा तर दुप्पट ताकद लागते, १० डेसिबलने चढवायचा तर दहापट. मधल्या सुरांना २ वॅट लागत असतील आणि बेस १० डेसिबलने चढवला असेल, तर खालच्या सुरांना २० वॅट लागणार. डेकची सगळी पुंजी पहिल्याच ठोक्याला खलास. त्यापुढे व्हॉल्यूम जितका वाढवाल तितका फक्त खडखडाट वाढेल.

‘लाउडनेस’च्या बटणावर तर वेगळा अन्याय चालतो. आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं. ती तूट भरून काढायला हे बटण. म्हणजे रात्री बायकामुलं मागे झोपलेली असताना, हळू आवाजात ऐकण्यासाठी. आपल्याकडे ते गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसापासून चालू असतं आणि व्हॉल्यूम कायम टोकाला.

स्पीकरच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्या बिचाऱ्याला वकील नाही. तितक्याच मोठ्या आवाजात सूर एक सप्तक खाली आणायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणाऱ्या पडद्याला ५० हर्ट्झला ४ मिलिमीटर हलावं लागेल. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरची तेवढी ऐपत नसते. कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर पडते, टोकाला आपटते आणि ‘टप्प’ असा आवाज येतो. यावर उपाय आहे: हाय पास फिल्टर. ८० हर्ट्झच्या खालचं दारातल्या स्पीकरकडे पाठवायचंच नाही. बऱ्याच डेकमध्ये हा फिल्टर आयता असतो, सेटिंगमध्ये जाऊन एकदा चालू करायचा. एक पैसा लागत नाही. या सबंध बाजारात खरोखर फुकट अशी हीच एक गोष्ट आहे आणि ती कुणी घेत नाही.

अशी गाडी घेऊन मालक दुकानात जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर जा, संवाद ठरलेला.

“भाऊ, बेस फाटतोय.”

पोरगा खिडकीतून डोकं आत घालतो, दहा सेकंद ऐकतो आणि निदान करतो. “साहेब, कंपनीचे स्पीकर म्हणजे कागद. काढून टाका. मागे ओव्हल टाकून देतो, तीनशे वॅट. फिटिंग फ्री.”

त्याने बेस शून्यावर आणून पाहिला नाही. दुसरं गाणं लावलं नाही. आवाज चारही दारांत फाटतो की एकाच, हे बघायला फेडर फिरवला नाही. ओव्हल बसतात आणि आवाज पहिल्यासारखाच फाटतो, कारण फाटत होता तो डेक. वीस वॅटांच्या डेकला तीनशे वॅटांचे स्पीकर जोडले म्हणून डेकच्या अंगात बळ येत नाही. कधी कधी तर हे ओव्हल नवी वायर ओढायचा कंटाळा म्हणून पुढच्याच स्पीकरच्या वायरींना जोडलेले असतात. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. ४ ओहमसाठी बनलेला डेक तापतो, दम तोडतो आणि आवाज आणखी लवकर फाटतो. आठवड्याने मालक परत येतो. “साहेब, आता अँप लागणार.” अँप येतो. मागून बेस ट्यूब येते. मग प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचायला लागतात, म्हणून १ फॅरडचा कपॅसिटर येतो, निळे आकडे चमकवणारा.

त्या कपॅसिटरचाही हिशेब एकदा होऊन जाऊ दे. १४.४ व्होल्टवरून १ व्होल्ट खाली येईपर्यंत १ फॅरडचा कपॅसिटर जेमतेम १४ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॅट ओढणाऱ्या अँपला ती सेकंदाचा तीन शतांश भाग पुरते. ढोलाचा एक ठोकासुद्धा यापेक्षा जास्त वेळ वाजतो. दिवे मिचमिचतात कारण वीज वाटेत कुठेतरी अडते आहे किंवा अल्टरनेटर पुरा पडत नाही. आणि औषध काय, तर निळे आकडे! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्या भाच्याची गाडी याच वाटेने गेलेली. “मामा, दुकानवाला म्हणतो अँप छोटा पडतोय, मोठा घेऊ का?” म्हणून विचारायला आला. मी म्हटलं, आधी डिकी उघड. गालिचा उचलला तर अँपची अर्थची वायर एका पत्र्याच्या स्क्रूखाली दाबलेली. स्क्रू रंगावरच पिळलेला. भोवतीचा रंग शोरूममधून आला तसा चकचकीत, कुठे ओरखडा नाही. म्हणजे शेकडो वॅटांचा परतीचा प्रवास फक्त त्या स्क्रूच्या आट्यांवर टेकलेला. ५० हर्ट्झचा सलग सूर लावला, मल्टिमीटरचं एक टोक अँपच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या वजाला धरलं, तर आकडा अडीच व्होल्ट. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्याही बराच खाली हवा. २५ अँपिअर वाहत असताना ०.१ ओहमचा अडथळा आला की अडीच व्होल्ट गेलेच, आणि साध्या अँपची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद त्यांच्याबरोबर गेली. अँप छोटा नव्हता, उपाशी होता. अंगठ्याएवढी जाड लाल वायर सोलली तर आत बारीक तारा, आणि तारेवर ब्लेड फिरवलं तर तांब्याचा मुलामा निघून खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. बिलावर मात्र ‘कॉपर’ लिहिलेलं.

मग पुढचं दार उघडलं. स्पीकरला चार स्क्रूंची भोकं, स्क्रू दोन. स्पीकर आणि पत्रा यांच्यातल्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा कोंबलेला, आणि तो पुठ्ठा त्याच स्पीकरच्या खोक्याचा. त्यावरचं ‘३०० वॅट’ अजून स्पष्ट वाचता येत होतं. पत्र्यावरचा प्लास्टिकचा पडदा कोयत्याने फाडावा तसा फाडून मागे ढकललेला. गाडीच्या दारात पावसाचं पाणी काचेच्या रबरातून उतरतंच, म्हणून दाराला खाली निचऱ्याची भोकं असतात आणि आतल्या बाजूला हा पडदा असतो. तो फाडला की कोकणात एक फेरी झाली तरी पायाखालचं मॅटिंग ओलं आणि कपलर हिरवा. शिवाय पडद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या फटींतून स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या बेसला मारतो. बेस कमी वाटला की मालक तो आणखी चढवतो. चढवला की फाटतो. दुष्टचक्र पुरं.

हा सगळा पराक्रम ‘फिटिंग फ्री’चा. जो डॉक्टर तपासायची फी घेत नाही आणि औषधांच्या दुकानातून कमिशन घेतो, त्याच्याकडून निदानाची अपेक्षा कोण करेल? इथे तेच चालतं. मजुरी शून्य, म्हणजे वेळेची किंमत शून्य, म्हणजे रंग खरवडायला लागणारी पाच मिनिटं हा दुकानदाराचा निव्वळ तोटा. नवा स्पीकर हा निव्वळ नफा. त्या फिटिंगच्या पोराला मी दोष देणार नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं, संध्याकाळपर्यंत गाड्या उरकायच्या असतात आणि त्याच्या हातात मल्टिमीटरऐवजी चायना टेस्टर असतो. दोष त्याच्या शेठचा, आणि त्याहून जास्त आपला. तीस हजारांचा माल घेताना आपण घासाघीस करून आधी काय कापून घेतो? मजुरी.

आणि हे फक्त कानापुरतं राहत नाही. क्लिपिंग झालेला आवाज स्पीकरच्या कॉइलला भाजतो. छाटलेल्या माथ्यांतून निघणारे उंच सूर नाजूक ट्वीटर जाळतात. मग ‘छोट्या अँपने मोठा स्पीकर जळाला’ अशी अफवा पसरते. जाळतो तो छोटा अँप नसतो, त्याच्या ऐपतीपलीकडे फिरवलेलं बटण असतं. अँपवरचा गेन हा दुसरा व्हॉल्यूम नव्हे. डेकमधून येणारा सिग्नल आणि अँप यांचा मेळ बसवायला तो आहे. फिटिंगवाला तो पूर्ण फिरवून देतो, कारण तसा आवाज दुकानात जोरदार वाटतो. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरला बॅटरीजवळच, साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. तो नसेल आणि वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर पेटते ती अख्खी गाडी. फुकट फिटिंगमध्ये सगळ्यात आधी गळतं ते नेमकं हेच.

“आम्हाला कुठे मैफल ऐकायची आहे, गाडीत तर वाजवायचं,” असं म्हणणारे भेटतात. मैफल नका ऐकू. पण मग तीस हजार कशाला घालता? खडखडाट तर कंपनीच्या कागदी स्पीकरवरही मोफत होत होता.

म्हणून पुढच्या वेळी आवाज फाटला की दुकानात जायच्या आधी घरासमोर गाडी उभी करा आणि क्रमाने जा. बेस, ट्रेबल शून्यावर आणा, लाउडनेस आणि फोनचा इक्वलायझर बंद करा. त्याच आवाजात फाटणं थांबलं, तर रोग तुमच्या बोटात होता. थांबलं नाही तर गाणं बदला. फोनऐवजी पेनड्राइव्ह लावा, चांगल्या प्रतीचं, रिमिक्स नसलेलं काहीतरी. मग बॅलन्स आणि फेडर फिरवून एकेक दार एकटं वाजवा. चारही फाटत असतील तर बोट डेककडे किंवा अँपकडे. एकच फाटत असेल तर त्याची आणि शेजाऱ्याची वायर अदलाबदल करा: दोष वायरीबरोबर हलला तर मागे डेककडे बघा, जागेवर राहिला तर स्पीकर किंवा दार. आवाज बंद करून पडदा चार बोटांनी हलकेच, सारखा दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे, तो स्पीकर खरोखर गेला. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा: अधिकला अधिक लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. एका बाजूचा आत गेला तर अधिक-उणे उलटं आहे, दोन्ही बाजू एकमेकींचा बेस खाताहेत. शेवटी गाणं चालू ठेवून दाराच्या प्लास्टिकवर तळवा दाबा, नंबरप्लेट धरा. खडखड थांबली तर तुमचा स्पीकर निर्दोष आहे, क्लिपा तुटल्यात. यातल्या कशालाही दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरपलीकडे खर्च नाही.

एवढं करून दुकानात जायची पाळी आलीच, तर मालाआधी चार प्रश्न विचारा. अर्थ कुठे देणार आणि रंग खरवडणार का? बॅटरीजवळ फ्यूज किती अँपिअरचा लावणार? हाय पास कितीवर ठेवणार? गेन कशाने लावणार, कानाने की मीटरने? ज्याला उत्तरं येतात त्याच्याशी मजुरी ठरवा, घासाघीस न करता द्या, ती बिलावर वेगळी लिहून घ्या आणि काम संपेपर्यंत उघड्या दारापाशी उभे राहा. ज्याला उत्तरं येत नाहीत त्याच्याकडून फुकटसुद्धा काही बसवून घेऊ नका.